आग्नेय कोपरा

वैजयंती भिवाजीचं काम गळती शोधण्याचं होतं. नळाची नाही, छपराची नाही. घराच्या जोत्यात साठवलेली वीज गुपचूप कुठून निसटते ते शोधायचं. मॉरिशससारख्या चिमुकल्या देशात हे काम करणारी माणसं मोजकीच, आणि त्यांत वैजयंतीचं नाव आधी निघे. यंत्र लावायचं, आकडा बघायचा आणि जोतं जिथे बिघडलंय तिथे बोट ठेवायचं. इतक्या वर्षांत तिचं बोट चुकलं नव्हतं. त्यामुळे काँ-लिला वस्तीच्या गळतीपुढे तिनं हात टेकले, तेव्हा आधी तिला राग आला, आणि राग ओसरल्यावर भीती वाटली. काँ-लिला तिचं माहेर होतं.

हे जोत्याचं प्रकरण आधी सांगून टाकायला हवं, नाहीतर पुढचं काही उमगायचं नाही. या बेटावर कोळसा नाही, तेल नाही, मोठी नदी नाही. ऊन मात्र रग्गड. दिवसा सोलर पॅनेलं एवढी वीज करतात की तिचं काय करावं हा प्रश्न, आणि सूर्य मावळला की दिवे कशावर लावावेत हा प्रश्न. बॅटऱ्या परदेशातून आणायच्या, त्या परवडत नव्हत्या. मग इथल्याच काही मंडळींनी बेटावर ढिगानं पडलेली एक गोष्ट उचलली. उसाचं चिपाड. त्याची बारीक काजळी करून ती सिमेंटमध्ये कालवली. सिमेंट घट्ट होताना पाणी पिऊन टाकतं आणि जिथे पाणी होतं तिथे केसाहून बारीक वाटा उरतात. काजळीचं आणि पाण्याचं पटत नाही. सिमेंटात पाणी मुरतं, तशी ती या वाटांत सरकत जाते आणि लादीभर तिचं मुळांसारखं जाळं पसरतं. या जाळ्यातून वीज वाहते, आणि ते इतकं दाट असतं की एका खोलीच्या जमिनीत मोठमोठ्या मैदानांइतका पृष्ठभाग मावतो.

अशा दोन लाद्या एकावर एक ओतायच्या, मध्ये पातळ पडदा घालायचा, आणि सगळं क्षाराच्या पाण्यात मुरवायचं. दिवसा एका लादीवर धन प्रभार जमतो, दुसरीवर ऋण. दोघांना एकमेकांकडे जायची ओढ असते, पडदा जाऊ देत नाही. रात्री त्यांना तारेच्या लांबच्या वाटेनं सोडायचं, की घरातले दिवे लागतात. बस्स, एवढंच. सरकारनं घराघरांच्या फरशा उचकटून अशी जोती ओतून दिली आणि बंदराजवळचं शेवटचं तेलावरचं वीजघर बंद केलं. त्या दिवशी शाळांना सुट्टी होती.

एका जोत्यात फार काही मावत नाही, म्हणून वस्तीतली सगळी घरं एका वर्तुळात जोडलेली. ज्याच्याकडे उरेल त्यानं कमी पडेल त्याला द्यायची. आणि देणंघेणं आलं की नियम आलेच. पहिला नियम, जमिनीला भोक पाडायचं नाही. दुसरा, रात्री कुणी घरात हीटर लावायचा नाही. तिसरा, एखाद्या वस्तीत गळती मर्यादेबाहेर गेली आणि दुरुस्त झाली नाही, तर त्या अख्ख्या वस्तीची रात्रीची वीज तोडायची. हे नियम रात्रवीज मंडळासाठी लिहिले होते वैजयंतीनंच.

*

"सगळी आग्नेयेला?" मिशेलनं चष्मा कपाळावर चढवला. मिशेल तिचा वरिष्ठ. मनानं दिलदार, पण आकडे जुळले नाहीत की त्याला चैन पडत नसे.

"सगळी. तीसेक घरं आहेत. कुणाचं तोंड पूर्वेला, कुणाचं पश्चिमेला. गळती मात्र आग्नेय कोपऱ्यातच."

"कंत्राटदार एक असेल."

"चार वेगळे आहेत."

"मग माती?"

"माती शेजाऱ्यांचीही तीच. त्यांची जोती ठणठणीत."

ते दिवस जुलैचे होते, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्याचे. मॉरिशस म्हटलं की लोकांना निळा समुद्र आठवतो. त्यांनी जुलैत वाक्वाच्या पठारावर, काँ-लिला आहे तिथे, राहून दाखवावं. दिवसभर भुरभुर पाऊस, हाडांत शिरणारा गारठा, आणि वाळत घातलेला टॉवेल तीन दिवस तसाच ओला. ऊन कमी म्हणजे साठाही कमी, आणि त्यात ही गळती. काँ-लिलाचं वर्तुळ रोज पहाटेच्या आधीच रिकामं होत होतं.

वैजयंतीनं एक कारण शोधून काढलं होतं. बेटावर वारा वाहतो तो आग्नेयेकडून. पाऊसही त्याच अंगानं झोडपतो. म्हणजे प्रत्येक घराचा आग्नेय कोपरा जास्त भिजणार, ओल आत उतरणार, पडदा कमजोर होणार. मिशेलला ते फार आवडलं. वैजयंतीलाही दोन दिवस आवडलं. तिसऱ्या दिवशी तिनं असं घर पाहिलं, ज्याचा आग्नेय कोपरा शेजारच्या उंच भिंतीच्या आडोशाला होता. कोपरा कोरडा खडखडीत, आणि गळती पुरेपूर. तिचं डोकं चक्रावलं.

"पुढच्या सोमवारपर्यंत कारण सापडलं नाही, तर काँ-लिला तोडावं लागेल," मिशेल म्हणाला.

"माझे आईवडील राहतात तिथे."

"ठाऊक आहे. म्हणून तर सोमवारपर्यंत थांबलोय."

*

काँ-लिलाच्या तोंडाशीच मादाम रोझमेची पावाची विजेवरची भट्टी. वैजयंती लहानपणी तिथे गरम पावासाठी रांगेत उभी राहायची. आता रोझमेनं तिला बघितलं आणि हातातलं फडकं खांद्यावर टाकून ती बाहेर आली. काँ-लिलात सगळे बोलतात ती क्रिओल, फ्रेंचमधून घडलेली इथली बोली. मराठी माणसांच्या घरीसुद्धा मराठी उरली आहे ती देवघरात आणि नात्यांच्या हाकांत. आपल्याला क्रिओल समजायची नाही, म्हणून आपण त्यांचं बोलणं मराठीतच ऐकू.

"माझं जोतं गळतं का गं?" रोझमेनं थेट विचारलं.

"नाही."

"मग माझी भट्टी पहाटे विझते का? अर्धाकच्चा पाव कोण घेणार? तुझे आईवडील बिचारे नाही म्हणत नाहीत, म्हणून त्यांच्या गळ्यात मारते."

"तुमची वीज शेजाऱ्यांना जाते, मादाम. ज्यांची कमी पडते त्यांना."

"आणि त्यांची कमी का पडते?"

"तेच शोधतेय."

"शोध, शोध." रोझमेनं गल्लीकडे हात केला. "चिनी दुकानाची कमी पडत नाही. तमिळ मास्तरांची नाही, माझी नाही. तुमच्याच लोकांची पडते. मी वाईट अर्थानं म्हणत नाही हो. पण पडते."

हे वैजयंतीच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं, आणि तिनं तिकडे काणाडोळा केला होता. वीज घरमालकाचं आडनाव विचारत नाही. मराठी माणसाच्या घरात गळायचं आणि तमिळाच्या घरात नाही, असं कुठलं शास्त्र? आणि तसं असलंच, तर तिला ते नको होतं. सोमवारी मिशेलसमोर उभं राहून ती काय सांगणार होती? कारण सापडलं, आमच्यातच काहीतरी आहे?

ती माहेरच्या घरी पोचली तेव्हा तिला सगळ्यात आधी दिसली आई. सुभद्राबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून दालपुरीचं पीठ मळत होती. मांडी घालून.

वैजयंती दारातच थबकली. आईचे गुडघे जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. ती पीठ उभ्यानं मळायची, पूजेला खुर्चीत बसायची, आणि हळदीकुंकवाला बाकीच्या बायका सतरंजीवर गप्पा मारत असताना एकटीच स्टुलावर टांगल्यासारखी दिसायची. त्याचं तिला वाईट वाटायचं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"आई, तू खाली?"

"बस की. इथे ऊन आहे."

वैजयंतीनं जमिनीला हात लावला. जमीन खरंच ऊन होती, दुपारी अंगणातल्या दगडाला हात लावावा तशी. आणि हात लावल्या लावल्या तिला कळलं की हा स्वयंपाकघराचा, म्हणजे घराचाच, आग्नेय कोपरा आहे.

"हे कधीपासून?"

"नवं जोतं झाल्यापासून. आधी वाटलं भास आहे. मग पाय शेकले, मग गुडघे. आता मी रात्री झोपतेही इथेच. लोक म्हणतात, वास्तू जागी आहे."

"लोक म्हणतात," बाबा मागून म्हणाले. दत्ताराम गुरुजी नुकतेच कुणाकडची पूजा आटोपून आले होते, धोतर घोट्यापर्यंत भिजलेलं. काँ-लिलातल्या मराठी घरांचे ते एकुलते एक पुरोहित. "मी एवढंच म्हणतो, असेल."

"बाबा, या कोपऱ्यात काय आहे?"

ते गोंधळले. इतकं साधं तिला माहीत नसावं याचंच त्यांना नवल वाटलं. "वास्तुपुरुष. दुसरं काय असणार?"

आणि मग सगळं बाहेर आलं. जोतं नवं म्हणजे वास्तू नवी. वास्तू नवी म्हणजे शांत करायला हवी. शांत करायची म्हणजे आग्नेय कोपऱ्यात वीतभर खोल जागा करून तांब्याची छोटी प्रतिमा पालथी ठेवायची, सोबत सप्तधान्य, शेवाळ, दहीभात, आणि वरून लिंपून टाकायचं. आजे-पणजे कोकणातून उसाच्या मळ्यांत आले तेव्हा झोपड्यांतही त्यांनी हे केलं होतं. दत्ताराम गुरुजींनी काँ-लिलात घरोघर केलं.

"पण जमिनीला भोक पाडायचं नाही असं मी ओरडून ओरडून सांगितलं होतं!"

"कुणी पाडलं?" गुरुजी दुखावले. "तुझी माणसं सांगून गेली, ड्रिल लावू नका. मी घरोघरी बजावून सांगितलं, ड्रिल लावू नका. आम्ही सिमेंट ओलं असतानाच हातानं जागा केली. दंपतीनं, दोघांनी मिळून. एका घरातही भोक पाडलेलं नाही."

वैजयंतीनं कपाळाला हात लावला. तिला हसू येत होतं आणि रडूही. वरची लादी वीतभरही जाड नव्हती. हातानं केलेली ती जागा पडद्यातून आरपार खालच्या लादीत गेली होती. तांबं आणि ओलं धान्य मिळून दोन्ही लाद्यांना टेकून बसलं होतं. तांबं दोन्हींना थेट टेकलं असतं तर पहिल्याच दिवशी जोतं बंद पडलं असतं आणि सगळं उघडकीला आलं असतं. पण मध्ये धान्य, वर लिंपण, त्यामुळे वाट अगदी चिंचोळी. प्रभार तारेची लांबची वाट सोडून त्या चोरवाटेनं थोडाथोडा निसटत होता, आणि जाता जाता जमीन तापवत होता.

तिनं हे आईबाबांना समजावून सांगितलं. बाबा मान खाली घालून ऐकत राहिले. आई पीठ मळत राहिली.

"म्हणजे काढावं लागेल?" आईनं विचारलं.

"काढून ती जागा पक्की बुजवावी लागेल. नाहीतर सोमवारी सगळी वस्ती अंधारात."

"आणि मग इथे गार होईल."

"मी तुला गरम होणारी गादी आणून देईन."

"ती रात्री लावता येते?"

 रात्री हीटर लावायचा नाही, हा नियम गादीलाही लागू होता. "दिवसा लाव," वैजयंती म्हणाली.

"दिवसा मला थोडंफार ऊन असतं." आईनं पिठाचा गोळा परातीत आपटला. "आणि गादी काय कमी वीज खाईल?"

"साधारण तेवढीच. पण ती मोजून खाईल, आई. ही मोजली जात नाही."

"म्हणजे मोजून गेली तर वापर आणि देवातून गेली तर गळती. चांगलं आहे तुमचं शास्त्र."

यावर उत्तर असणार, याची वैजयंतीला खात्री होती. शाळेत, विद्यापीठात, मंडळात ती हेच तर शिकली होती. जी वीज काम करते ती वापर, जी नुसती उष्णता होऊन जाते ती गळती. पण समोर बसलेल्या बाईचे गुडघे वाकलेले होते, आणि ते त्या उष्णतेनंच वाकले होते. मग हे काम नाही तर काय? 

*

प्रश्न सोडवला रोझमेनं, तोही नकळत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवीभर पाव घेऊन आली. पाव वरून पांढरे, आतून गिळगिळीत. "आजही विझली," एवढं बोलून ती ओट्यावर पिशवी ठेवून गेली. चहासुद्धा घेतला नाही. गुरुजी त्या पिशवीकडे बराच वेळ बघत बसले.

"आपल्या देवापायी तिची भट्टी विझते," ते म्हणाले. "हे मला माहीत नव्हतं तोवर ठीक होतं. आता माहीत आहे."

"तुमचे गुडघे दुखत नाहीत," सुभद्राबाई म्हणाली.

"नाहीत. पण पाव मीही खातो."

 गुरुजी छत्री घेऊन निघाले आणि घरोघर फिरले. देवाला बसवता येतं तसं सन्मानानं उठवताही येतं, उत्तरपूजा करू, प्रतिमा अंगणात आग्नेयेलाच पुरू, असं सांगत राहिले. काही घरांत त्यांना बोलणी खावी लागली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले की तुमच्या मुलीचं मंडळ उद्या तुळसही उपटायला सांगेल. ऊन कोपऱ्याची सवय सगळ्यांना झाली होती. कुणी तिथे बाळाचे कपडे वाळवायचं, कुणी दह्याचं विरजण ठेवायचं. पण गुरुजींनी आपल्या घरापासून सुरुवात करायची ठरवली, म्हणून लोकांची तोंडं बंद झाली.

वैजयंतीनं स्वतः उकरलं. तिला दुसऱ्या कुणाच्या हाती ते द्यायचं नव्हतं. वडील मंत्र म्हणत होते, ती बारीक छिन्नीनं लिंपण फोडत होती, आणि आई दाराची चौकट धरून उभी होती. आतून काळं पडलेलं धान्य निघालं, मग अंगठ्याएवढी प्रतिमा, हिरवीगार झालेली. वडिलांनी ती तबकात घेतली. वैजयंतीनं खड्डा धुतला, सुकवला, पडद्याचं ठिगळ लावलं, वर काजळीचं सिमेंट भरलं. यंत्र लावलं. काटा शून्यावर आला.

तिला आनंद झाला. खोटं कशाला सांगायचं, इतक्या दिवसांचा गुंता सुटल्याचा अगदी मनापासून आनंद झाला. ती हसत मागे वळली आणि तिला आई दिसली. आई शून्यावर आलेल्या काट्याकडे बघत नव्हती. ती पायातल्या चपला काढून त्या कोपऱ्यापाशी गेली, अंगठ्यानं जमीन चाचपली, आणि परत चपला घातल्या.

रविवारपर्यंत सगळी घरं झाली. मिशेलचा फोन आला, शाबासकीचा. रोझमेची भट्टी पहाटभर पेटत राहिली आणि तिनं गल्लीत सगळ्यांना पाव वाटला. वैजयंती निघाली तेव्हा आई ओट्याशी उभी राहून पीठ मळत होती. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत.

"येते, आई."

"ये." आईनं हात धुतले. रागावलेली दिसत नव्हती. नुसतं आठवलं म्हणून विचारावं तसं तिनं विचारलं, "मग तुझ्या घरचा कधी काढणार?"

"काय माझ्या घरचा?"

आता आई चकित झाली. "तुला माहीत नाही? तुझं जोतं ओतत होते तेव्हा तू कुठल्याशा परिषदेला गेली होतीस. आम्ही आलो होतो की. विनेशला विचारून केलं."

*

कात्र बोर्नला, आपल्या घरी पोचेपर्यंत वैजयंती मनाशी म्हणत होती की असं असूच शकत नाही. असतं तर तिला कळलं नसतं का? गळती शोधणं हा तिचा धंदा होता. पण तिच्या गल्लीत उपाहारगृहं, दुकानं, एक दवाखाना. त्यांच्या उलाढालीत एका घराची गळती कुणाच्या खिजगणतीत? आणि स्वतःच्या घराला यंत्र लावावं असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

आग्नेय कोपऱ्यात त्यांची छोटी अडगळीची खोली होती. तिचा नवरा विनेश तिथे ओले बूट ठेवायचा. तिथे बूट लवकर वाळतात, असं तो म्हणायचा, आणि पावसाळी दिवसांत तिनंही आपले बूट तिथेच ठेवले होते. तिनं बूट बाजूला सारले आणि तळहात टेकला. चांगलीच ऊन.

"तुला माहीत होतं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"हो." विनेश कान खाजवायला लागला.

"सांगितलं का नाहीस?"

"तू तेव्हा नियम लिहीत होतीस, वैजू. रोज रात्री जेवताना मला वाचून दाखवायचीस. कुठल्या तोंडानं सांगणार?"

तिला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण कशासाठी ओरडायचं ते ठरेना. ती त्या खोलीच्या उंबऱ्यात बसून राहिली. छिन्नी गाडीतच होती. तासाभराचं काम. आणि तरी तिचे हात उठेनात. सारखी तिला चपला घालणारी आई दिसत होती.

मग तिनं मिशेलला फोन लावला.

"आणखी एक घर सापडलंय," ती म्हणाली. "माझं."

पलीकडे मिशेल खोकला. "बरं. उद्या माणसं पाठवू की तूच करशील?"

"मला ते काढायचं नाहीये. निदान हिवाळाभर तरी नाही."

"वैजयंती, नियम..."

"नियम वर्तुळातल्या घरांसाठी आहे. माझं घर वर्तुळातून सोडवा. मीटरपाशी वर्तुळाला जोडणारा सांधा उघडला की झालं. मी कुणाची वीज घेणार नाही, कुणाला देणार नाही. माझ्या छपरावर जेवढी होईल तेवढी माझ्या जोत्यात. गळली तर माझीच गळेल."

"रात्री दिवे जातील तुमचे."

"जाऊ देत."

"असं करता येतं?" मिशेलला खरंच माहीत नव्हतं.

"येऊ नये असं कुठे लिहिलंय? मी लिहिलेलं नाही."

तो जरा वेळ घुटमळला आणि मग हो म्हणाला. माणूस दिलदारच होता.

दुसऱ्या दिवशी ती आईला घेऊन आली. विनेशनं अडगळ उपसून खोली झाडली होती, चटई घातली होती, मेणबत्त्या आणून ठेवल्या होत्या. सुभद्राबाईनं आधी भिंतीचा आधार घेतला, मग एक गुडघा वाकवला, मग दुसरा, आणि एक लांब सुस्कारा सोडून ती मांडी घालून बसली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना वैजयंतीला स्पष्ट दिसला. बऱ्याच दिवसांनी तिचाही जीव थाऱ्यावर आला.

दिवेलागण होऊन थोडा वेळ झाला आणि घरातले दिवे मंदावत मंदावत गेले. समोरच्या उपाहारगृहात लखलखाट होता. विनेशनं मेणबत्ती लावली.

"वीज गेली?" आईनं विचारलं.

"गेली नाही. आपणच सुटे झालोय." आणि वैजयंतीनं तिला मोठ्या उत्साहानं सगळं समजावून सांगितलं. सांधा कसा उघडला, आता कुणाचीच भट्टी आपल्यामुळे कशी विझणार नाही, आणि जोत्यात उरलेली वीज या कोपऱ्यात सकाळपर्यंत कशी मुरत राहील. "रात्री अंधार, एवढंच काय ते. अंधाराचं काय, सवय होते."

"होते," आई म्हणाली. "आम्ही लहानपणी वादळानंतर आठ-आठ दिवस अंधारात काढायचो."

 तिला समजलं होतं, आणि त्याचाच विचार चालला होता.

"मग आमच्या घराला असं का नाही केलंस गं?"

 तिथे तीसेक घरं होती, हे उत्तर वैजयंतीला सुचलं, पण आईनं तीस घरांचं विचारलं नव्हतं. बाबांनीच पुढाकार घेतला, हेही सुचलं, पण बाबांना दुसरा मार्ग आहे हे कोण सांगणार होतं? सांधा त्या घराच्या मीटरपाशीही होता. अगदी असाच. उत्तरपूजेची तयारी चालली होती तेव्हा ती त्याच्या शेजारी उभी राहून छिन्नीला धार लावत होती.

"मला सुचलं नाही, आई," ती म्हणाली. "इथे सुचलं. तिथे नाही सुचलं. का, ते मलाही कळत नाही."

आईनं मान हलवली. समजलं म्हणून की नाही म्हणून, ते मेणबत्तीच्या उजेडात दिसलं नाही. ती चटईवर थोडी सरकली आणि आपल्या शेजारची जागा हातानं झाडली.

"बस," ती म्हणाली. "ऊन आहे."

वैजयंतीला बसवेना.